फ्लूचे आकडे : ऑस्ट्रेलियात तीन लाख, भारतात अठ्ठावीस हजार. हे कसं काय?

ऋतुचक्र

२०१९ सालचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवते. ऑस्ट्रेलियात फ्लूचे ३ लाख १३ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. लोकसंख्या अडीच कोटी. भारतात त्याच वर्षी २८,७९८ रुग्ण आणि १,२१८ मृत्यू. लोकसंख्या एकशे पस्तीस कोटींच्या वर. म्हणजे लाखामागे तिकडे सुमारे १,२३० रुग्ण आणि आपल्याकडे जेमतेम २.

यावरून लोक दोन उलट निष्कर्ष काढतात. एक, "आपली प्रतिकारशक्ती चांगली, आपल्याला फ्लू होतच नाही." दुसरा, "आपल्याकडे शंभरातले चार दगावतात, म्हणजे इथला विषाणू भयंकर." दोन्ही पटत नाहीत, पण खोडायचे कसे ते नीट कळत नाही. शाळा-कॉलेजांत वाटायच्या एका पत्रकात तीन-चार देशांचा तक्ता द्यायचा विचार आहे. कोणते आकडे शेजारी ठेवले तर चालतील? आणि "यंदा साथ जोरात आहे" हे कशावरून म्हणायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

सूक्ष्मदर्शक

आधी भारताचा आकडा उलगडतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या ज्या तक्त्यातून तुम्ही २८,७९८ घेतलेत, तो एच१एन१चा तक्ता आहे, म्हणजे ज्याला आपण अजूनही स्वाईन फ्लू म्हणतो तो. एच३एन२ (एच१एन१सारखाच इन्फ्लूएंझा एचा दुसरा उपप्रकार) आणि इन्फ्लूएंझा बी त्यात नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या आकड्यात ए आणि बी, सगळे उपप्रकार आहेत. ज्या वर्षी एच३एन२चा जोर असतो त्या वर्षी आपला हा तक्ता दिसायला शांत दिसतो, दवाखाने भरलेले असले तरी.

दुसरी गोष्ट तपासणीची. २००९च्या साथीपासून आपल्याकडे रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी आहे. सौम्य ताप, खोकला, घसादुखी म्हणजे 'अ' : तपासणी नाही, ऑसेल्टामिविर (फ्लूवरचं विषाणूरोधक औषध) नाही, घरी आराम आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाहणं. जास्त ताप आणि घसा खूप दुखत असेल तर 'ब१'. गरोदर, लहान मुलं, ६५च्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले 'ब२' : यांना औषध लगेच सुरू करायचं, पण तपासणीची गरज नाही. धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं, गुंगी, हे 'क' : ताबडतोब भरती आणि स्वॅब. धोरण म्हणून हे शहाणपणाचंच आहे. औषध निकालासाठी अडून राहत नाही आणि प्रयोगशाळेवर भार पडत नाही. पण त्याचा परिणाम असा की आपल्या यादीत शिरण्याची वाट मुख्यतः 'क' वर्गातून जाते.

आता निव्वळ हिशेबासाठी दोन काल्पनिक गावं घ्या. दोन्हीकडे १०,००० जण फ्लूने आजारी, दोन्हीकडे १०० जण भरती, दोन्हीकडे ४ मृत्यू. पहिल्या गावात निम्मे, म्हणजे ५,००० जण डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी त्यातल्या ३० टक्क्यांचे, म्हणजे १,५०० स्वॅब पाठवले, १,३५० पॉझिटिव्ह आले आणि सगळे नोंदले गेले. दुसऱ्या गावात ४,००० जण डॉक्टरकडे गेले, पण स्वॅब फक्त भरती झालेल्या शंभरापैकी ५० जणांचा घेतला. ४० पॉझिटिव्ह, दगावलेले चौघंही त्यातलेच. पहिल्या गावाचं 'मृत्यूप्रमाण' ४ भागिले १,३५०, म्हणजे ०.३ टक्के. दुसऱ्याचं ४ भागिले ४०, म्हणजे १० टक्के. आजार तोच, मृत्यू तेवढेच.

तुमच्या दोन्ही उलट निष्कर्षांचं उत्तर या एका भागाकारात आहे. छेद छोटा झाला की रुग्ण कमी दिसतात आणि मृत्यूप्रमाण फुगतं, दोन्ही एकाच वेळी. भारतात २०१५ साली सुमारे ४२,५०० रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले, म्हणजे ७ टक्के. २०१९ला ४.२ टक्के. हा फरक विषाणूचा की स्वॅब कोणाचे घेतले याचा, हे नुसत्या या तक्त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून पत्रकात टक्केवारी छापूच नका.

जनगणित

सूक्ष्मदर्शक यांच्याशी सहमत. बाकीच्या देशांची मोजणी कशी चालते ते थोडक्यात देतो. साधारण चार तऱ्हा आहेत, आणि तक्त्यात त्या एकत्र आल्या की तक्ता निरुपयोगी होतो.

प्रत्येक पॉझिटिव्ह निकाल कळवणं सक्तीचं. ऑस्ट्रेलियात २००१पासून प्रयोगशाळेने सिद्ध केलेला फ्लू हा कळवण्याचा आजार आहे. जर्मनीतही संसर्ग संरक्षण कायद्याने २००१पासून तसंच. इथे आकडा विषाणूइतकाच तपासण्यांच्या संख्येवर हलतो. एकाच स्वॅबमधून अनेक विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचण्या स्वस्त आणि सर्रास झाल्या की रुग्णसंख्या वाढते, साथ तेवढीच असली तरी.

डॉक्टरचं निदानही धरायचं. चीनमध्ये फ्लू 'क' गटातला कळवण्याचा आजार आहे (हा 'क' आपल्या वर्गवारीतला नव्हे) आणि लक्षणांवरून केलेलं निदानही मोजलं जातं. २०१९ साली सुमारे ३५ लाख रुग्ण आणि २६९ मृत्यू नोंदले गेले. हे २६९ भारताच्या १,२१८ शेजारी ठेवून पाहा, म्हणजे चूक किती मोठी होऊ शकते ते कळेल. २०१० ते २०१५ या काळासाठी चीनमधल्याच संशोधकांचा अंदाज दर वर्षी फ्लूशी संबंधित सुमारे ८८,१०० श्वसनविकार-मृत्यूंचा आहे.

निवडक दवाखान्यांची सरासरी. जपानमध्ये नेमून दिलेले दवाखाने दर आठवड्याला फ्लूचे रुग्ण कळवतात. अनेक वर्षं ही संख्या ५,०००च्या आसपास होती. जो आकडा छापला जातो तो दर दवाखान्यामागे रुग्ण. १ ओलांडला की हंगाम सुरू, १० म्हणजे सावधगिरीची सूचना, ३० म्हणजे इशारा. बातमीत "जपानमध्ये फ्लू ३०वर" असं आलं तर ते लाखामागे नाही, एका दवाखान्यात आठवड्याला सरासरी ३० रुग्ण असा अर्थ. तिथे दवाखान्यातच पट्टीवरची झटपट चाचणी करण्याची पद्धत रुळलेली आहे, त्यामुळे सौम्य रुग्णही मोजले जातात.

मोजायचंच नाही, अंदाज काढायचा. अमेरिकेत प्रौढांचा हंगामी फ्लू देशपातळीवर कळवण्याचा आजार नाही. मुलांचे फ्लूमृत्यू मात्र २००४पासून कळवावे लागतात. तिथली "कोट्यवधी लोक आजारी" ही संख्या काही ठरावीक भागांतल्या रुग्णालयांतल्या सिद्ध रुग्णांवरून, किती जण तपासले गेले नसतील आणि चाचणीतून किती निसटले असतील याचे गुणक लावून काढलेली असते. २००९-१०च्या साथीत याच पद्धतीने त्यांनी सुमारे ६ कोटी ८ लाख रुग्ण आणि १२,४६९ मृत्यू असा अंदाज दिला. अंदाज आणि नोंद एकाच रकान्यात कधीही टाकू नका. वर्तमानपत्रांत नेमकं हेच सर्वाधिक होतं.

यावर आणखी एक थर लक्षणांच्या व्याख्येचा. 'फ्लूसदृश आजार' सगळीकडे एकच नाही. जागतिक आरोग्य संघटनेला मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, खोकला, आणि सुरुवात गेल्या १० दिवसांत, हे तिन्ही लागतं. अमेरिकेला १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.८ सेल्सिअस पुरतं, आणि खोकला नसला तरी घसादुखी चालते. युरोपीय संघाच्या व्याख्येत ताप सक्तीचा नाही : अचानक सुरुवात, ताप-अंगदुखी-डोकेदुखी-थकवा यांतलं एक आणि खोकला-घसादुखी-धाप यांतलं एक. सत्तरीच्या आजी, अचानक गळून गेलेल्या, खोकला आहे पण ताप चढलेलाच नाही : युरोपात त्या मोजल्या जातील, संघटनेच्या व्याख्येत बसणार नाहीत. म्हाताऱ्या माणसांत फ्लू असूनही ताप न येणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

ऋतुचक्र

दोघांचेही मनापासून आभार. 'नोंद' आणि 'अंदाज' असे वेगळे रकाने करते, मृत्यूंची टक्केवारी काढून टाकते.

मग शंभर स्वॅबमागे किती पॉझिटिव्ह, हे वापरलं तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लूनेट या संकेतस्थळावर सगळ्या देशांची साप्ताहिक फाइल उतरवून घेता येते असं दिसलं.

जनगणित

पॉझिटिव्हिटी नक्कीच जास्त उपयोगी, पण साथ केव्हा चढली आणि उतरली हे पाहायला. कोणत्या देशात जास्त फ्लू हे ठरवायला नाही. फाइल वापरताना ठरलेल्या चुका होतात, त्या सांगतो.

एकाच देशाच्या एकाच आठवड्याच्या दोन-तीन ओळी असू शकतात, कारण नमुने कुठून आले त्याप्रमाणे ओळी वेगळ्या असतात : निवडक केंद्रांचे, त्याबाहेरचे आणि उगम न कळवलेले. आधी एकच उगम निवडा, शक्यतो निवडक केंद्रांचा. तो सलग नसेल तर सगळे मिळवा, पण मग सर्व वर्षांना तसंच करा. मध्येच उगम बदलला की आलेखात खोटी उडी दिसते.

टक्केवारीची सरासरी कधीही काढू नका. एका आठवड्यात २० नमुने, १० पॉझिटिव्ह, म्हणजे ५० टक्के. पुढच्यात ४०० नमुने, ४० पॉझिटिव्ह, म्हणजे १० टक्के. सरासरी ३० येते, खरं उत्तर ५० भागिले ४२०, म्हणजे ११.९. अंश वेगळे मिळवा, छेद वेगळे मिळवा, भागाकार शेवटी. आठवड्याला ५०पेक्षा कमी नमुने असतील तर तो बिंदू फिकट दाखवा किंवा दोन-तीन आठवडे एकत्र करा.

रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे तपासले आणि सापडला नाही. रिकामा म्हणजे कळवलंच नाही. स्प्रेडशीट अनेकदा रिकाम्याला गुपचूप शून्य धरते आणि सुट्ट्यांच्या आठवड्यांत साथ अचानक थांबल्यासारखी दिसते. शेवटचे दोन-तीन आठवडेही गाळा, कारण उशिरा येणारे निकाल मागून भरले जातात. घसरणारी शेपटी पाहून "साथ ओसरली" असं लिहिलं जातं ते यामुळेच.

आठवड्यांचे क्रमांक : फ्लूनेटचा आठवडा सोमवारी सुरू होतो, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा रविवारी. शिवाय ५३ आठवड्यांची वर्षं जुळत नाहीत. फ्लूनेटच्या पद्धतीत २०१५, २०२० आणि २०२६. अमेरिकेत २०१४, २०२० आणि २०२५. क्रमांकावर जोडणी करू नका, आठवड्याच्या पहिल्या तारखेवर करा.

अमेरिकेबाबत अजून एक खाच आहे. २०१५-१६च्या हंगामापासून तिथे रुग्णालयांच्या प्रयोगशाळा आणि सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा वेगळ्या दाखवतात. दुसऱ्या गटाकडे बरेच नमुने आधीच पॉझिटिव्ह ठरलेले, फक्त उपप्रकार ओळखायला येतात. त्यांची पॉझिटिव्हिटी काढली तर ती अवाच्या सवा येणारच. टक्केवारी पहिल्या गटावरून, उपप्रकार दुसऱ्यावरून, असा नियम ठेवा.

आणि हंगाम! युरोप-अमेरिकेचा हंगाम ४०व्या आठवड्यापासून पुढच्या वर्षाच्या २०व्यापर्यंत धरतात, म्हणजे ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. "भारत उत्तर गोलार्धात" म्हणून हीच चौकट लावली तर जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरची आपली पावसाळी लाट चौकटीबाहेर पडते. महाराष्ट्रात जानेवारी-मार्चमध्येही एक लाट येते, २०२३च्या सुरुवातीला एच३एन२ची होती तशी. श्रीनगरचा हंगाम मात्र हिवाळ्यातला. महाराष्ट्रासाठी कॅलेंडर वर्षच घ्या. ऑस्ट्रेलियाची साथ एकाच कॅलेंडर वर्षात बसते, जर्मनीची दोन वर्षांत विभागली जाते, हे तक्त्याच्या मथळ्यात लिहा.

शीतसाखळी

चर्चेत स्वॅबची बाजू राहिली म्हणून लिहिते. 'निगेटिव्ह' हा शब्द आपण फार सहज वापरतो.

प्रौढ माणसाच्या नाक-घशात विषाणू भरपूर असतो तो लक्षणं सुरू झाल्यापासून पहिले तीन-चार दिवस. आपला 'क' वर्गातला रुग्ण बहुधा त्यानंतर येतो : आधी घरगुती उपाय, मग जवळचा डॉक्टर, मग लहान रुग्णालय, आणि धाप लागल्यावर मोठं रुग्णालय. सहाव्या-सातव्या दिवशी नाकातला स्वॅब निगेटिव्ह येऊ शकतो, तेव्हा विषाणू फुप्फुसात असतो. नळी घातलेल्या रुग्णाचा श्वासनलिकेतला स्राव पाठवला तर सापडतो. तो पाठवला नाही तर मृत्यूच्या दाखल्यावर नुसता न्यूमोनिया.

स्वॅबची काडी सिंथेटिक टोकाची आणि प्लास्टिक दांड्याची हवी. लाकडी दांडा, कापूस किंवा कॅल्शियम अल्जिनेट चालत नाही, पीसीआरमध्ये अडथळा येतो. स्वॅब लगेच वाहक द्रवाच्या नळीत, २ ते ८ अंशांवर, ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत. उशीर होणार असेल तर उणे ७०. घरच्या फ्रीजरमधल्या उणे २०ला ठेवणं हा सर्वांत वाईट पर्याय. लांबच्या तालुक्यातून शुक्रवारी संध्याकाळी निघालेला नमुना सोमवारी दुपारी पोचला तर मुदत जवळजवळ तिथेच संपते.

पीसीआरमध्ये माणसाच्या पेशींचा एक जनुकही सोबत तपासतात. तो आलाच नाही तर स्वॅब नीट घेतला गेला नाही, निकाल 'अवैध', पुन्हा नमुना मागवायचा. हा 'अवैध' निकाल नोंदवहीत निगेटिव्हमध्ये चढला तर पॉझिटिव्हिटी आपोआप खाली येते. आणि झटपट पट्टी-चाचणी खऱ्या रुग्णांपैकी साधारण ५० ते ७० टक्केच पकडते. म्हणजे पट्टीवर विसंबणारा देश आणि पीसीआर वापरणारा देश यांची टक्केवारी याच एका कारणानेही जुळणार नाही.

फडताळ

मृत्यूंबद्दल थोडं. जर्मनीचा २०१७-१८चा हंगाम पत्रकात चौकटीत द्या, याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. सिद्ध रुग्ण सुमारे ३ लाख ३४ हजार. प्रयोगशाळेने सिद्ध झालेले मृत्यू १,६७४. रॉबर्ट कॉख संस्थेने (जर्मनीची सरकारी रोगनियंत्रण संस्था) त्याच हंगामासाठी दिलेला अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे २५,१००. एकच देश, एकच हंगाम, एकच संस्था, आणि पंधरापट फरक.

तो येतो कुठून? फ्लूने माणूस बहुतेकदा थेट दगावत नाही. नंतरचा जिवाणूजन्य न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, बळावलेला दमा हे दाखल्यावर येतं. फ्लू लिहिला तरच तो रोगवर्गीकरणात जे०९ ते जे११ या संकेतांखाली जातो. अतिरिक्त मृत्यूंची पद्धत दाखला बघतच नाही : साथ नसती तर त्या आठवड्यांत किती मृत्यू अपेक्षित होते ते काढून प्रत्यक्ष मृत्यूंतून वजा करते. त्यासाठी दर आठवड्याची मृत्यूनोंद वेळेवर आणि पूर्ण लागते. भारतात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीय दाखल्याने प्रमाणित होतं. गोव्यात हे प्रमाण महाराष्ट्रापेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे राज्याराज्यांतली तुलनासुद्धा जपून.

जगाच्या पातळीवर हेच. २००९च्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने १६ जुलै २००९लाच देशांना सांगितलं की एकेक रुग्ण मोजून कळवण्याची गरज नाही. साथ संपेपर्यंत सिद्ध मृत्यू सुमारे १८,५००. २०१२ साली आलेला अंदाज पहिल्या बारा महिन्यांसाठी २,८४,५००, आणि त्याची कक्षा १,५१,७०० ते ५,७५,४००. अंदाज छापताना कक्षा गाळू नका. मधला आकडा एकटा छापला की तो मोजलेला वाटतो.

ऋतुचक्र

तक्ता रद्दच करते आहे. त्याऐवजी महाराष्ट्राचा एकच आलेख आणि जर्मनीची चौकट. "यंदा जोर आहे का" हे कसं दाखवू? पुणे-मुंबईचे आकडे नेहमी वर असतात, ते तसेच घ्यायचे का?

सूक्ष्मदर्शक

आलेखात गेली पाच वर्षं घ्या, २०२० आणि २०२१ वगळून. मास्क आणि प्रवासबंदीमुळे त्या काळात फ्लू जवळजवळ गायब होता. ऑस्ट्रेलियात २०२१ साली वर्षभरात हजाराच्या आत नोंदी होत्या. ती वर्षं धरली तर पुढचं प्रत्येक वर्ष भयंकर दिसेल. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर पॉझिटिव्हिटी, आणि त्याच आठवड्यांत तीव्र श्वसनविकाराने भरती झालेल्यांची संख्या वेगळ्या रेषेने. दोन्ही रेषा एकत्र चढल्या तर साथीचा जोर खरा. पॉझिटिव्ह निकालांचा आकडा फुगला पण पॉझिटिव्हिटी आणि भरती जागच्या जागी, तर तपासण्या वाढल्या आहेत.

पुणे-मुंबईबद्दल : पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, दोन्ही शहरांत पीसीआर करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आणि अतिदक्षता विभाग भरपूर आहेत. देशातला २००९च्या साथीचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच नोंदला गेला. आसपासच्या जिल्ह्यांतले गंभीर रुग्ण इथेच येतात. म्हणून आकडे मागताना महापालिकेला किंवा जिल्हा सर्वेक्षण कक्षाला दोन गोष्टी लेखी विचारा. नोंद रुग्णाच्या राहत्या पत्त्यावर आहे की रुग्णालयाच्या? आणि तारीख लक्षणांची, स्वॅबची की निकालाची? निकालाची असेल तर तुमचा आलेख किमान काही दिवस मागे सरकलेला असतो, आणि गणपतीच्या सुट्टीत तुंबलेले नमुने एकाच दिवशी निघाले की तिथे नसलेलं शिखर उभं राहतं.